फिशटँकची अल्कलिनिटी घरी कशी मोजायची: नळ, बोअर आणि टँकरच्या पाण्यासाठी

मराठवाड्यात मासे पाळणाऱ्याला वर्षभर एकच पाणी मिळत नाही. धरण भरलेलं असेल तोवर नळाला जायकवाडीचं, मांजराचं नाहीतर विष्णुपुरीचं पाणी, तेही काही दिवसांआड. उन्हं तापली की बोअर. बोअरनं मान टाकली की टँकर. मधेच कुणीतरी आरओचे जार सुचवतं. बादलीत हे सगळं पाणी सारखंच दिसतं, माशांना मात्र ते सारखं नसतं. टँकरवाल्याला विचारून बघा, "दादा, आज कुठून भरला?" "आज बोअरवरून भरला, काल विहिरीचं होतं." म्हणजे एकाच टँकरमधून दोन दिवसांत दोन प्रकारचं पाणी.

म्हणून आधीच सांगून ठेवतो: अल्कलिनिटी मोजायचं किट आणल्यावर फक्त टाकीतलं पाणी मोजून थांबू नका. टाकीत ओतायचं आहे ते बादलीतलं पाणी आधी मोजा. वर्षभर एका नळाचं पाणी असलेल्या शहरात बादली मोजली नाही तरी चालून जातं. आपल्याकडे चालत नाही.

मोजतोय ते नेमकं काय

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. गोड्या पाण्यात ही ताकद जवळजवळ सगळी बायकार्बोनेटची असते. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि फिल्टरमधले जिवाणू सतत आम्ल तयार करत असतात. बायकार्बोनेट ते गिळत राहतं आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा, जागेवर राहतो. साठा संपला की पीएच एका रात्रीत घसरू शकतो. पीएच मोजून फक्त आज काय चाललंय ते कळतं, शिल्लक किती आहे ते कळत नाही.

दुकानात या किटला 'केएच किट' म्हणतात; केएच म्हणजे हीच अल्कलिनिटी, आणि ती डीकेएच या एककात मोजतात. त्यातल्या बाटलीत ठरलेल्या ताकदीचं आम्ल आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीनसारखा रंगदर्शक असतो. थेंब पडला की तेवढं बायकार्बोनेट खर्च होतं. सगळं खर्च झालं की पीएच ४.५ च्या आसपास येतो आणि निळा रंग पिवळा होतो. किती थेंब लागले ते मोजायचं, बस. या किटमध्ये शोधायचं काही नाही, मोजायचं तेवढं आहे. म्हणून सगळी भिस्त थेंबाच्या अचूकपणावर.

बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे १ डीकेएच. १ डीकेएच म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी. बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल घरात पडलेला असेल तर त्यात 'एकूण क्षारता' या ओळीसमोरचा आकडा १७.९ ने भागा, डीकेएच मिळेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, क्षारतेची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ११ डीकेएच ते साधारण ३३ डीकेएच. या दोन्ही टोकांचं पाणी माणसाला कागदोपत्री पिण्याजोगं आहे, पण निऑन टेट्रा माशाला दुसऱ्या टोकाचं सोसणार नाही.

इथे तीन घोळ नेहमी होतात. पहिला टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांच्या बेरजेचा. आरओवाल्या मेकॅनिकमुळे घरोघरी टीडीएसचं पेन पोहोचलंय आणि त्यावरच लोक पाणी जोखतात. टीडीएस ९०० दाखवतो तेव्हा त्यात बायकार्बोनेट किती, मीठ किती, नायट्रेट किती हे पेनला कळत नाही. दुसरा जडपणाचा. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा मामला, म्हणजे जीएच. बसाल्टच्या भूजलात जीएच आणि केएच बरेचदा जोडीनं चढलेले असतात, पण ते बांधलेले नाहीत. तिसरा सॉफ्टनरचा. बंगल्याला सॉफ्टनर बसवला की पाणी 'हलकं' झालं असं वाटतं. त्यानं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम घातलेलं असतं, बायकार्बोनेट तिथेच असतं. जीएच जवळपास शून्य आणि केएच पहिल्याइतकाच, असं पाणी त्या नळातून येतं.

किट कोणतं घ्यावं

थेंबाचं. पट्ट्या स्वस्त आणि झटपट असतात, पण त्या '६ ते १०' असं काहीतरी सांगतात आणि आपल्या दमट पावसाळ्यात डबी एकदा उघडली की लवकर खराब होतात. एपीआय, सेरा, टेट्रा, जेबीएल यांची किट चालतात. दुकानात मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा, मात्र मे महिन्यात मागवायचं टाळा. कुरिअरच्या गाडीत बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत बाटली किती दिवस भाजली हे कळायला मार्ग नाही. घेताना मुदतीची तारीख बघायची. सुया नसलेल्या ५ मिलीच्या दोन सिरिंज मेडिकलमधून घेऊन ठेवा. किटमधल्या नळीवरच्या रेघेपेक्षा सिरिंजचं माप जास्त भरवशाचं असतं.

चाचणीआधी

टाकीचं पाणी मधल्या खोलीवरून घ्यायचं, फिल्टरच्या तोंडाशी नाही आणि पृष्ठभागावरचंही नाही. पाणी नुकतंच बदललं असेल तर दोन-तीन तास थांबा. बोअरचं घेताना पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी आधी निघून जाऊ द्या. ते सांडू नका, बादलीत धरून झाडांना घाला.

टँकरच्या आणि नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन, असू शकतं. क्लोरीन जास्त असेल तर ते रंगदर्शकाचा रंगच उडवतं आणि निळा नीट दिसत नाही. असं पाणी उघड्या बादलीत एक रात्र ठेवा, एअर पंप सोडला तर अजून बरं. घाई असेल तर नमुन्यात दुकानातल्या अँटिक्लोरीनचा एक थेंब टाका. पावसाळ्यात गढूळ पाण्याला तुरटी फिरवायची सवय आपल्या घरांत आहे. तुरटी अल्कलिनिटी खाते. म्हणून तुरटी फिरवण्याआधीचा आकडा नंतर लागू होत नाही. माशांच्या पाण्यात तुरटी नकोच.

चाचणी

नळी ज्या पाण्याची चाचणी आहे त्याच पाण्यानं तीनदा विसळा. नळाखाली विसळून तशीच वापरली तर आत राहिलेले दोन-चार थेंब हिशेब बिघडवतात. भांड्याच्या साबणानं धुतलेली नळी त्याहून वाईट, कारण साबण स्वतः अल्कधर्मी असतो.

सिरिंजनं बरोबर ५ मिली पाणी घ्या, आत हवेचा बुडबुडा नको. किटच्या नळीतच माप घेत असाल तर नळी डोळ्यांच्या रेषेत धरा. पाण्याची कड काचेला चिकटून वर चढलेली दिसते, मधला भाग खाली दबलेला असतो. तो दबलेला भाग रेघेला टेकला पाहिजे.

आता थेंब. बाटली सरळ उलटी, तोंड अगदी खाली. तिरकी धरली तर थेंबाचा आकार बदलतो, आणि आपण थेंबच मोजतोय. पहिला थेंब बरेचदा हवेसकट पडतो, म्हणून तो बाहेर टिश्यूवर टाकून द्या, टोक पुसा, मग सुरू करा. बाटली दाबून पिचकारी मारायची नाही, थेंब आपसूक सुटू द्यायचा.

एक थेंब, झाकण, चार-पाच वेळा नळी उलटी-सुलटी, मग नजर. अंगठ्यानं तोंड बंद करू नका. घाम नाहीतर हाताला लागलेला साबण नमुन्यात जातो. पहिल्या थेंबाला पाणी फिकट निळं होतं. पुढचे थेंब पडताना निळा रंग गडद होत जातो, कारण रंगदर्शकही थेंबाबरोबर येतो. बोअरच्या पाण्यात बारा-पंधरा थेंबांपर्यंत काहीच होत नाही असं वाटतं. मग थेंब पडल्या जागी पिवळा ढग दिसतो आणि हलवल्यावर विरून पुन्हा निळं. शेवट जवळ आला. इथून एकेका थेंबानंतर जास्त हलवा. निळ्यात हिरवट छटा येते, हा अजून शेवट नाही. ज्या थेंबानंतर हलवूनही पाणी पिवळं राहतं, तो थेंब धरून मोजणी. पुढचा थेंब टाकून पाहा: रंग आणखी बदलला नाही, तर आधीचाच आकडा खरा.

रंग दिवसाच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून बघा. पिवळ्या बल्बखाली हिरवट आणि पिवळा वेगळे ओळखू येत नाहीत. घरात दोघं असाल तर एकानं थेंब टाकावेत, दुसऱ्यानं मोठ्यानं मोजावेत. फोन वाजला की आकडा हुकतो, आणि 'तेरा झाले की चौदा' हा वाद मिटवायला नळीत काहीच सापडत नाही.

पहिल्याच थेंबाला पिवळं झालं तर केएच १ किंवा त्याहून कमी. अशा मऊ पाण्यासाठी १० मिली नमुना घ्या, मग दर थेंब अर्धा डीकेएच. उलट फार चढलेल्या बोअरला पंचवीस-तीस थेंब घालवण्यापेक्षा अडीच मिली नमुन्यात अडीच मिली डिस्टिल्ड पाणी घाला आणि आलेला आकडा दुप्पट करा. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना 'बॅटरीत भरायचं पाणी' असं स्पष्ट सांगा, तिथे ॲसिडच्या बाटल्याही शेजारीच असतात.

किट खरं बोलतंय का

ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची, निदान उन्हाळ्यानंतर तरी. बाटलीतला द्रव उडून घट्ट झाला तर प्रत्येक थेंब जास्त ताकदीचा होतो आणि केएच खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. मग आपण नसलेली कमतरता भरत बसतो.

तपासायला खाण्याचा सोडा पुरतो. ३ ग्रॅम सोडा १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवा. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्ड पाण्यानं १ लिटर करा. या दुसऱ्या बाटलीतलं पाणी १० डीकेएच आहे. किटनं ९ ते ११ थेंबांत रंग बदलला तर ठीक. ७ आले तर बाटली फेका. काटा किमान दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. मसाले मोजायला घेतलेला छोटा डिजिटल काटा चालेल. सोड्याचं पाकीट ताजं आणि कोरडं असू द्या. पापडखार, धुण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांपैकी काहीही चालणार नाही.

आकडा आला, पुढे काय

३ च्या खाली असेल तर पीएच घसरायची भीती खरी आहे, विशेषतः मासे दाटीनं असतील तर. फिल्टरमधले जिवाणू १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खातात. बरेच महिने पाणी न बदलता चाललेल्या, फक्त आरओ पाणी घातलेल्या टाकीत केएच शून्याला टेकलेला सापडतो. मासे 'ठीक' दिसत असतात, कारण ते हळूहळू सरावलेले असतात. त्यात नवीन मासा सोडला की तोच मरतो आणि दोष दुकानदारावर जातो.

४ ते ८ मध्ये साधारण मिश्र टाकी छान चालते. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ८ ते १५ मानवतं. गोल्डफिशचीही तक्रार नसते. आफ्रिकन सिक्लिड पाळणाऱ्यांना आपलं बोअर म्हणजे फुकटची देणगी. डिस्कस, निऑन, कार्डिनल यांचा हट्ट असेल तर आरओशिवाय पर्याय नाही. मला विचाराल तर ज्याच्या घरी बोअर १८ डीकेएच दाखवतो आणि आरओचं पाणी विकत आणावं लागतं, त्यानं मॉली पाळावेत. पाण्याशी झगडून पाळलेला डिस्कस टँकर बदलला की आजारी पडतो.

केएच उतरवायचा असेल तर

आरओ पाणी मिसळणं हाच सरळ मार्ग. आधी आरओचाही केएच मोजा. घरच्या मशिनमध्ये टीडीएस वाढवायचा कॉक असतो आणि जारवाल्यांचं पाणी दर आठवड्याला सारखं असेलच असं नाही. मग हिशेब असा: हवा असलेला केएच वजा आरओचा, त्याला बोअरचा वजा आरओचा यानं भागा. तेवढा भाग बोअरचं. बोअर २०, आरओ १ आणि हवे ८, तर ७ भागिले १९, म्हणजे ०.३७. पंधरा लिटरच्या बादलीत साडेपाच लिटर बोअर, साडेनऊ लिटर आरओ. मिसळून पुन्हा एकदा मोजा, मगच ओता. एका वेळी टाकीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त पाणी बदलू नका.

गच्चीवरचं पावसाचं पाणी हा आरओचा स्वस्त भाऊ. पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडून द्या, गच्ची धुतली जाऊ द्या. सिमेंटवरून येताना ते थोडा केएच उचलतं, तेव्हा तेही मोजा.

लिंबू, व्हिनेगर, 'पीएच डाऊन'च्या बाटल्या यांच्या नादी लागू नका. त्या बायकार्बोनेट एका फटक्यात जाळतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरतो, दुसऱ्या दिवशी तो उडून पीएच पुन्हा वर. माशाला दोन्ही वेळा धक्का. देशी बदामाची पानंही १८ डीकेएचच्या पाण्यात चहाचा रंग देण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत.

आता उन्हाळ्याची खास गोष्ट. टाकीतून उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर साचतो तो याचमुळे. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत वाळू वजा जाता सुमारे ५० लिटर पाणी असतं. वर पंखा लावून आठवड्यात १० लिटर उडालं आणि तेवढी भर २० डीकेएचच्या बोअरनं घातली, तर आठवड्यात केएच साधारण ४ नं चढतो. थोडा जिवाणू खातात, थोडा काचेवर पांढरा बसतो, तरी महिन्याभरात फरक मोठा होतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओनं घालायची आणि बदलायच्या पाण्यात मिश्रण वापरायचं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर जारचा खर्चही कमी लागतो.

चढवायचा असेल तर

१०० लिटर पाण्याचा केएच १ नं वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. सोडा मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या प्रवाहात हळूहळू सोडा, दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नाही. चमच्याच्या भरवशावर राहू नका, वजन करा.

न कळत चढत असेल तर टाकीतले दगड तपासा. शाहाबाद फरशीचे तुकडे गुहा करायला सोयीचे, पण शाहाबाद चुनखडीचा दगड आहे आणि तो पाण्यात हळूहळू विरघळतो. ओढ्यातून आणलेल्या खड्यांत चुनखडीचे पांढुरके गोळे हमखास असतात. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फेसाळलं तर तो दगड मऊ पाण्याच्या टाकीत नको. गारगोटी फेसाळत नाही. काळा पाषाणही सहसा नाही, मात्र त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसले तर तेही तपासा.

किती वेळा, आणि किट कुठे ठेवायचं

नवीन टाकी दर आठवड्याला, बसलेली टाकी पंधरा दिवसांनी, आणि पाण्याचा स्रोत बदलला की त्याच दिवशी. वहीत तारीख, पाणी कुठलं आणि केएच, एवढी एक ओळ पुरे. टँकर असेल तर चालकानं सांगितलेलं गावही लिहा. दोन उन्हाळे गेले की कोणत्या बाजूचं पाणी आलं तर किती जार लागतील हे वही बघून सांगता येतं.

किट टाकीच्या झाकणावर ठेवू नका, खालचा दिवा ते तापवतो. खिडकीतही नको आणि गाडीच्या डिक्कीत तर नकोच. खालच्या कप्प्यात, अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवा. चाचणी झाली की नळीतलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही, मोरीत ओता. नळी साध्या पाण्यानं धुवा, शेवटी थोडं डिस्टिल्ड पाणी फिरवा आणि कागदावर पालथी घाला. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, बाटलीत आम्ल आहे.